चायनीज, पण लाल नाही

वाडीत ‘चायनीज’ म्हणजे लाल. संध्याकाळ झाली की अमरावती रोडच्या कडेला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांसमोर गाड्या लागतात. मोठा गॅस, मोठी कढई, त्यात पत्ताकोबी, शिमला मिरची आणि लालभडक चटणी. ट्रक रिकामा करून आलेले हमाल, ट्यूशनवरून परतणारी पोरं, ऑर्डनन्स फॅक्टरीतून सुटलेली माणसं, सगळे तिथे उभ्याने खातात. नागपूरच्या जिभेला तर्री लागते हे गाडीवाल्याला ठाऊक असतं. त्यामुळे इथलं चायनीज हे सावजीचं लांबचं भावंडच झालं आहे.

हे चायनीज चीनमधून आलेलं नाही, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. चिकन मंचुरियन १९७५ मध्ये मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, नेल्सन वँग यांनी पहिल्यांदा केलं असं सांगतात. वँग हे कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी. लसूण, अद्रक, हिरवी मिरची हे सगळं आपलंच. फक्त गरम मसाल्याच्या जागी त्यांनी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं. पदार्थ भारतीय, नाव चिनी. मला त्याबद्दल काही तक्रार नाही, मीही गाडीवरचं खाते.

पण आज ज्या कोंबडीबद्दल लिहायचं आहे ती लाल नाही, पांढरी आहे. तळायची नाही, परतायची नाही. अद्रक, कांद्याची पात आणि थोडा सोया सॉस लावून ताटलीत मांडायची, वाफेवर ठेवायची आणि वीसेक मिनिटांनी उतरवायची. चीनच्या दक्षिणेकडे, ग्वांगदोंग प्रांतात, ही रोजच्या घरातली गोष्ट आहे. आपल्याकडे वरण-भात असतो तशी. हॉटेलच्या मेन्यूत शोधायला गेलात तर वाडीतच काय, नागपुरातही सहज मिळणार नाही.

आमच्या घरात ती आली त्याची दोन कारणं. पहिलं कारण सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी. डॉक्टरांनी त्यांना तेल आणि तिखट कमी करायला सांगितलं. मटणाच्या रश्शावर बोटभर तेल तरंगलं नाही तर ज्यांना जेवल्यासारखं वाटत नाही, त्यांना उकडलेली भाजी किती दिवस वाढणार? दुसरं कारण माझी मुलगी. ती नववीत आहे आणि फोनवर जगभरच्या बायकांचा स्वयंपाक बघते. तिनेच मला ही कोंबडी दाखवली. “अम्मी, यात तेल दोन चमचे. दादीला चालेल.”

ईदनंतर नातेवाईक जमले होते तेव्हा तिने ही गोष्ट सांगितली आणि तिचे फुफा म्हणाले, “चीनचं? तौबा! ते लोक साप, बेडूक, काहीही खातात. चीनचं सगळंच हराम.” कोणी हसलं, कोणी मान डोलावली. मुलगी गप्प बसली. पाहुणे गेल्यावर भांडी घासताना तिने मला विचारलं, “चीनमध्ये मुसलमान नाहीत का?”

प्रश्न साधा होता, पण मला तो ओळखीचा वाटला. मराठीत लिहिणाऱ्या, मराठीत शिकवणाऱ्या, मराठीत भाजी घेणाऱ्या प्रत्येक मुसलमान बाईने हा प्रश्न उलट्या बाजूने ऐकलेला असतो. “अय्या, तुम्ही मुस्लिम? मग मराठी इतकी चांगली कशी?” घरात आम्ही नागपुरी हिंदी बोलतो, तिला उर्दू म्हणतो, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की मराठी. यात आम्हाला कधी काही वेगळं वाटलं नाही. वाटतं ते विचारणाऱ्याला. त्याच्या डोक्यात मुसलमान या खणात मराठी बसत नाही, आणि फुफांच्या डोक्यात चीन या खणात मुसलमान बसत नाही.

तर चीनमध्ये मुसलमान आहेत. सरकारी नोंदीत दहा मुस्लिम समुदाय आहेत. त्यातले हुई आणि उइगुर हे दोन मोठे, प्रत्येकी एक कोटीहून जास्त. उइगुर लोकांची भाषा तुर्की कुळातली. हुई मात्र चिनीच बोलतात, चिनी लिहितात, चिनी नावं लावतात, नमाज पढतात आणि डुक्कर व दारूपासून दूर राहतात. ग्वांगदोंगची राजधानी ग्वांगझौ इथे अरब व्यापारी तांग राजवटीच्या काळापासून, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वीपासून येत होते. तिथली हुआइशेंग मशीद चीनमधल्या सर्वात जुन्या मशिदींपैकी एक मानतात. म्हणजे ज्या प्रांतातली ही वाफेवरची कोंबडी, त्याच प्रांतात अजानही पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते.

मुलीला मी झेंग-हेची गोष्ट सांगितली. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या बादशहाने मोठमोठ्या जहाजांचा ताफा देऊन ज्याला हिंदी महासागरात पाठवलं, तो हा दर्यासारंग. १४०५ ते १४३३ या काळात त्याच्या सात सफरी झाल्या आणि त्यात तो आपल्या कालिकत बंदरात आला. तो युनान प्रांतातल्या मुसलमान घराण्यात जन्मला होता. त्याच्याबरोबर दुभाष्या म्हणून आलेला मा हुआन हाही मुसलमान, आणि त्याने या प्रवासाचं पुस्तक लिहून ठेवलं. त्याच युनान प्रांतात कोंबडी वाफवण्यासाठी मातीचं एक खास भांडं असतं. त्याच्या मधोमध नळी उभी असते. खालच्या पाण्याची वाफ नळीतून वर येते, झाकणाला लागते आणि थेंब होऊन कोंबडीवर पडते. भांड्यात वरून पाणी घालतच नाहीत. तीन-चार तासांनी जो रस्सा जमतो तो निव्वळ वाफेचा आणि कोंबडीचा.

हुई लोकांच्या खानावळीवर दोन चिनी अक्षरं लिहिलेली असतात. उच्चार साधारण ‘चिंगझेन’. अर्थ, निर्मळ आणि खरं. हलालसाठी तिकडे हाच शब्द आहे. मला तो शब्द फार आवडला. त्यात अन्न कोणाचं आहे हे सांगितलेलं नाही, अन्न कसं आहे ते सांगितलं आहे.

या पाट्यांची पुढची हकीगत मात्र चांगली नाही. या अक्षरांबरोबर बहुतेक पाट्यांवर अरबी लिपीत ‘हलाल’ असंही लिहिलेलं असायचं. २०१९ मध्ये बीजिंगमधल्या अशा खानावळींना अरबी अक्षरं आणि चंद्रासारखी चिन्हं काढून टाकायला सरकारी लोकांनी सांगितल्याच्या बातम्या आल्या. कुणी पाटीवर रंग फासला, कुणी चिकटपट्टी लावली. आत स्वयंपाक तोच राहिला. शिनजियांगमध्ये उइगुर लोकांवर जे चाललं आहे ते तर पाटीच्या फार पलीकडचं. ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानेच आपल्या अहवालात ते मानवतेविरुद्धचे गुन्हे असू शकतात असं म्हटलं.

हे वाचताना आपल्याकडचं २०२४ आठवल्याशिवाय राहत नाही. त्या जुलैत उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या हॉटेलांना आणि गाड्यांना मालकाचं नाव पाटीवर लावायला सांगितलं होतं. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. तुमच्याकडे कोणत्या प्रकारचं अन्न मिळतं ते लिहायला सांगता येईल, पण मालकाची आणि कामगारांची नावं लावायची सक्ती करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. मला वाटतं, स्वयंपाकघरातला न्यायही हाच आहे. देशाचं नाव, जातीचं नाव, मालकाचं नाव बाजूला ठेवा. गंजात काय आहे ते सांगा.

म्हणून फुफांशी वाद घालण्याऐवजी मी आणि मुलीने वही घेतली आणि या कोंबडीत काय काय पडतं त्याची यादी केली. प्रत्येक वस्तूपुढे चालेल, नाही चालेल, विचारावं लागेल, असं लिहिलं.

कोंबडी, अद्रक, लसूण, कांद्याची पात, मीठ, साखर, कॉर्नफ्लोअर, तिळाचं तेल, मशरूम. यात विचारण्यासारखं काही नाही, कोंबडी हलाल जिबह केलेली असली की झालं. काही घरांत याच कोंबडीबरोबर चिनी सॉसेजच्या चकत्या वाफवतात. ते सॉसेज बहुधा डुकराचं असतं, म्हणून ते बाद.

पुढे ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस. इथे गंमत आहे. आम्ही नागपूरकडचे बहुतेक हनफी. हनफी मताप्रमाणे समुद्रातल्या जिवांपैकी मासाच हलाल, कालवं नाहीत. रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान शाफई. त्यांना कालवं चालतात, आणि ते कालवांचं कालवण आवडीने खातात. म्हणजे ही एकच बाटली श्रीवर्धनच्या बहिणीच्या कपाटात बिनधास्त राहील आणि माझ्या कपाटात राहणार नाही. दोघी मुसलमान, दोघी मराठी. हराम-हलाल देशाच्या नावावर ठरत नाही याला याहून सोपं उदाहरण मला सापडलं नाही.

मग आली दारू. चिनी पाककृतींत कोंबडीला शाओशिंग नावाची तांदळाची दारू चमचा-दोन चमचे लावतात. तिच्यात साधारण पंधरा टक्के अल्कोहोल असतं. “शिजताना उडून जातं” असं पुष्कळ लोक सांगतात. ते पूर्ण खरं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे दारू घालून पंधरा मिनिटं शिजवलेल्या पदार्थात सुमारे ४० टक्के अल्कोहोल शिल्लक राहतं, तासभर शिजवलं तरी २५ टक्के आणि अडीच तासांनीही ५ टक्के. आपली कोंबडी वीस मिनिटांची, तीही झाकणाखाली. म्हणून उडून जाण्याचा हिशोब सोडून द्यावा. दारू घालूच नये.

ती नसली तर पदार्थ अडत नाही, कारण तिचं काम कोंबडीचा उग्र वास मारण्याचं असतं. ते काम दुसऱ्याकडून करून घेता येतं. अद्रक आणि कांद्याची पात ठेचून अर्धी वाटी पाण्यात कुस्करायची, दहा मिनिटांनी पिळून घ्यायची आणि ते पाणी मांसाला चोळायचं. हे मी शोधलेलं नाही, चिनी स्वयंपाकातच हे पाणी वापरतात.

राहिला सोया सॉस. खरा सोया सॉस सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी आंबवून करतात, त्याला महिने लागतात. आंबवताना त्यात थोडं अल्कोहोल आपोआप तयार होतं. सिरक्याचंही तसंच असतं. दारूच्या टप्प्यातून गेल्याशिवाय सिरका होत नाही आणि तरी तो हलाल आहे, आपल्या रसूलांना तो आवडायचा हे हदीसमध्ये आहे. आपोआप तयार झालेल्या आणि नशा न आणणाऱ्या अंशाबद्दल बरेच उलेमा हरकत घेत नाहीत, काहीजण सावध राहायला सांगतात. मी मुफ्ती नाही. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या इमामसाहेबांना विचारावं. मात्र बाटलीचं लेबल जरूर वाचावं. काही बाटल्यांत वरून अल्कोहोल घातलेलं असतं आणि ते लिहिलेलं असतं. किराणा दुकानातली स्वस्त काळी बाटली बहुतेक वेळा आंबवलेली नसतेच. साखर जाळून केलेला रंग, मीठ आणि आम्ल एवढंच. तिच्यात अल्कोहोलचा प्रश्न नाही, पण चवही नाही.

सोयाबीनवर आल्यावर अम्मीच म्हणाल्या की अरे, हे तर आपल्याकडे ढिगाने होतं. खरंच आहे. वाडीतून काटोल-कळमेश्वरकडे निघालात की पावसाळ्यात दोन्ही बाजूंना कापूस आणि सोयाबीन. सोयाबीन मूळचं चीनकडचं, पण गेल्या पन्नासेक वर्षांत विदर्भाचं पीक होऊन बसलं. शेतकरी ते पिकवतो, विकतो आणि खात मात्र नाही. तेल काढून उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे आमच्या ताटलीतली कोंबडी जन्मभर सोयाबीन खाऊनच मोठी झालेली. वरून सोया सॉस लावताना तिला परकं काही लावतोय असं वाटायचं कारण नाही.

यादीत शेवटची वस्तू होती वाळवलेली संत्र्याची साल. ती वाचून मुलगी ओरडलीच. ग्वांगदोंगमध्ये संत्र्यासारख्या फळाची साल उन्हात वाळवून वर्षानुवर्षं ठेवतात. जितकी जुनी तितकी महाग. तिचे दोन तुकडे भिजवून, बारीक कापून वाफेच्या कोंबडीत घालतात. ते फळ आणि आपलं नागपुरी संत्रं एकाच जातीचं, आणि या जातीचं मूळ घर दक्षिण चीन. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. घरोघरी टोपल्या रिकाम्या होतात आणि साली उकिरड्यावर जातात. फार तर कोणी चेहऱ्याला लावायला पूड करतं.

साल वाळवायची तर एवढंच बघा. फळावर फवारणी झालेली असते, म्हणून सोलण्याआधी ते कोमट पाण्यात मीठ टाकून चांगलं चोळून धुवा. आतला पांढरा पापुद्रा सुरीने खरवडा, कडूपणा बराचसा त्यात असतो. मृगाच्या संत्र्यांना पुढे एप्रिल-मेचं ऊन मिळतं, ते तर नागपूरकरांना कोणी शिकवायला नको. साल कडक होऊन तुटायला लागली की चिनी मातीच्या बरणीत भरायची. चिनी मातीची बरणी! लोणचं घालताना आजवर कोणी विचारलं आहे का, की माती कुठली?

आता भांडं. चिनी लोक बांबूच्या टोपल्या वापरतात. आपल्याकडे मोदकपात्र आहे, इडलीपात्र आहे, आणि काहीच नसलं तरी गंज आणि चाळणी आहे. धोप्याच्या पानांच्या वड्या वाफवून घेणाऱ्या वैदर्भीय बाईला वाफ शिकवावी लागत नाही. आमच्या शेजारच्या काकूंकडे तीन मजल्यांचं छान मोदकपात्र आहे. माझी हकीगत ऐकून त्या म्हणाल्या, “माह्यावालं घेऊन जा नं, पडूनच असते वर्षभर.” मी नेलं नाही. त्या भांड्यात गणपतीचा नैवेद्य होतो. त्यांनी मनापासून दिलं असतं, मी घासून-पुसून परत केलं असतं, तरी पुढच्या चतुर्थीला झाकण उघडताना त्यांच्या मनात क्षणभर काही आलं असतं, आणि ते यायला मला कारण व्हायचं नव्हतं. माझ्या घरात हलालचं भांडं वेगळं असावं असं मला वाटतं, मग त्यांच्या सोवळ्याला मी नावं का ठेवू? मी बाजारातून लोखंडी तिवई आणली, मोठ्या गंजात ठेवली आणि वर स्टीलची खोलगट ताटली बसवली. झालं पात्र.

कोंबडी आणताना एक सांगावं लागतं. आपल्याकडे दुकानदार न विचारता कातडी ओढून काढतो. या पदार्थाला कातडीसकट हवी, पिसं काढून. माझ्या नेहमीच्या चिकनवाल्याने “भाभी, चमडे के साथ? पक्का?” असं दोनदा विचारलं. कातडीमुळे मांस कोरडं पडत नाही आणि तिच्यातली थोडी चरबी उतरून रसाला चव येते. अम्मींच्या वाटणीची कातडी मी ताटात वाढताना काढते. कोंबडी लहान घ्यावी. सोलून किलोच्या आतली. हाडासकट दोन बोटांएवढे तुकडे करून घ्यावेत.

एका कोंबडीला प्रमाण असं. अद्रक-पातीचं पाणी तीन चमचे, सोया सॉस दोन मोठे चमचे, साखर एक लहान चमचा, मीठ अर्धा चमचा (सोया सॉस खारट असतो हे लक्षात ठेवून), पांढऱ्या मिऱ्याची पूड चिमूटभर, बोटभर अद्रकाच्या बारीक काड्या, भिजवून कापलेली संत्र्याची साल चमचाभर. सगळं हाताने चोळून अर्धा तास ठेवावं. वाफेवर चढवण्याआधी एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आणि लहान चमचा तिळाचं तेल लावावं. कॉर्नफ्लोअरचा पातळ लेप मांसातला रस धरून ठेवतो. मशरूम मिळाले तर चिरून मधे मधे खोचावेत.

गंजातलं पाणी आधी खळखळ उकळू द्यावं. ताटली नंतर ठेवावी, तुकडे एकावर एक न रचता. झाकणाला आतून स्वच्छ फडकं बांधलं तर थेंब कोंबडीवर पडत नाहीत. आच मोठी. अठरा ते वीस मिनिटं. तेवढ्या वेळात हाडाजवळचं मांस कसं शिजतं असं मुलीने विचारलं. तिच्याच विज्ञानाच्या पुस्तकात उत्तर आहे. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी लागतात, पण एक ग्रॅम वाफ मांसावर बसून परत पाणी होते तेव्हा एकदम ५४० कॅलरी सोडते. म्हणून वाफेने भाजलेलं बोट पाण्याने भाजलेल्या बोटापेक्षा जास्त ठणकतं. झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवा.

शिजल्याची खूण म्हणजे जाड तुकड्यात सुरी घातली की निघणारं पाणी स्वच्छ असावं, गुलाबी नसावं. शिजलेल्या कोंबडीवर कांद्याची पात आणि अद्रकाच्या काड्या पसराव्यात आणि दोन चमचे तेल धूर येईपर्यंत तापवून वर ओतावं. चर्र आवाज येतो. अम्मी पलंगावरून म्हणाल्या, “आखिर तडका तो लगाया!” त्यांचा चेहरा तेव्हाच खुलला.

अम्मींना मी हा पदार्थ समजावला तो वेगळ्या शब्दांत. त्यांना म्हटलं, हा दमच आहे. त्यांनी आयुष्यभर डेगचीच्या तोंडाला कणीक लावून, वर निखारे ठेवून बिर्याणीला दम दिला. दम म्हणजे काय, तर आतली वाफ बाहेर जाऊ द्यायची नाही आणि तिच्यावर विश्वास ठेवून झाकण उघडायचं नाही. इथे फक्त वाफ खालच्या पाण्याची आहे. त्यांनी मग मला वेळ बघू दिली नाही. झाकणाच्या कडेने येणारा वास बदलला तेव्हा म्हणाल्या, “आता बंद कर.” घड्याळात एकोणीस मिनिटं झाली होती.

पहिला घास घेऊन त्या म्हणाल्या, “बिमारी का खाना है, लेकिन अच्छा है.” दुसऱ्यांदा त्यांनी ताटलीतला रस भातावर मागून घेतला. या पदार्थातली सर्वात चांगली गोष्ट तोच रस असतो, तो फेकू नका. संत्र्याच्या सालीचा वास आधी कळत नाही. घास गिळल्यावर घशात मागे राहतो. कढईवरच्या लाल चायनीजनंतर हे खाणाऱ्याला पहिल्यांदा बेचव वाटेल. तिखट खाणाऱ्यांसाठी हिरवी मिरची सिरक्यात भिजवून शेजारी ठेवावी. यांनी तेवढीच मिरची घेऊन अर्धी ताटली संपवली.

फुफा पुढच्या महिन्यात आले तेव्हा मुलीने त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण यादी वाचली. ऑयस्टर सॉसपुढे आम्ही ‘नाही’ लिहिलं होतं, तिथे बोट ठेवून म्हणाले, “हे बरोबर लिहिलं.” दारूवर काट मारलेली बघितली. मग म्हणाले, “पण याला चायनीज काहून म्हणता?” मुलगी म्हणाली, “कारण हे खरंच चायनीज आहे.” ते जेवले. साप-बेडकांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्यांचं मत बदललं की फक्त भूक लागली होती, मी विचारलं नाही.

काकूंकडे ताटली पाठवायची तर वार बघावा लागतो. सोमवार, गुरुवार, शनिवार त्या खात नाहीत. बुधवारी मुलगी वाटी घेऊन गेली आणि दारातच सगळं सांगून मोकळी झाली. कोंबडी आहे, अद्रक आहे, सोयाबीनचा सॉस आहे, आणि काकू, ओळखा, अजून काय आहे?

काकूंनी वास घेतला. “अवं, हा तं संत्र्याचा वास येऊन राहिला!”

या मृगाच्या बहारात त्यांच्याही साली आम्ही मागून घेतल्या आहेत. दोन्ही घरांच्या मिळून गच्चीवर तीन सुपं भरली. कोणाला पाहिजे असतील तर बरणी घेऊन या.